प्रार्थनेची वाट, लेखांक ६ : बादली, रहाट, पाट आणि पाऊस

स्पेनमधल्या आविला शहरातल्या कार्मेल मठात सोळाव्या शतकात एक धर्मभगिनी रोज ठरलेल्या वेळी प्रार्थनेला बसत असे, आणि तिचे कान मात्र घड्याळाच्या टोल्याकडे असत. तास एकदाचा संपावा, एवढीच इच्छा. प्रार्थनामंदिराचा उंबरठा ओलांडणेही तिच्या जिवावर येई. यापेक्षा कोणतेही कडक प्रायश्चित्त बरे, असे तिला वाटे. ही कबुली तिनेच आपल्या आत्मचरित्रात दिली आहे. तिचे नाव तेरेजा. पुढे १९७० साली पोप सहावे पॉल यांनी तिला ख्रिस्तसभेची आचार्या म्हणून घोषित केले. हा मान मिळालेली ती पहिली स्त्री, आणि तोही मुख्यतः प्रार्थनेवरच्या लेखनासाठी.

प्रार्थनेत मन लागत नाही ही तक्रार पापनिवेदनाच्या वेळी धर्मगुरूंना किती वेळा ऐकावी लागत असेल! तक्रार करणाऱ्याला बहुधा वाटते की दोष आपल्या श्रद्धेत आहे. तेरेजालाही तसेच वाटले होते. १५३५ साली, विशीत असताना, ती मठात दाखल झाली. नंतर एका टप्प्यावर आपण या योग्यतेचे नाही असे मानून तिने वर्षाहून अधिक काळ मनन-प्रार्थना सोडूनच दिली. तिला ती नम्रता वाटली. मागे वळून पाहताना मात्र तिने ती सैतानाची सगळ्यात मोठी फसवणूक ठरवली. वडिलांच्या मृत्यूनंतर एका डोमिनिकन धर्मगुरूंनी समजावले, तेव्हा ती पुन्हा प्रार्थनेला बसू लागली.

बसू लागली म्हणून अडचण संपली नाही. डोळे मिटून एखादा प्रसंग मनापुढे उभा करणे तिला जमतच नसे. त्यावर तिने साधा उपाय काढला होता. जवळजवळ अठरा वर्षे, ख्रिस्तशरीर स्वीकारल्यानंतरची वेळ सोडली, तर ती हातात पुस्तक असल्याशिवाय प्रार्थनेला बसत नसे. कधी पान-दोन पाने वाचावी लागत, कधी पुस्तक उघडावेही लागत नसे. ते जवळ आहे एवढ्यानेच मन स्थिरावे. शेत, पाणी, फुले यांच्याकडे पाहूनही तिचे मन ताळ्यावर येई. पुस्तक धरून प्रार्थना करणे कच्चेपणाचे, असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवायला हरकत नाही.

आपल्या अनुभवाची मांडणी तिने आत्मचरित्रात बागेच्या रूपकातून केली आहे. हे आत्मचरित्र तिने १५६० नंतरच्या दशकात, आपल्या मार्गदर्शक धर्मगुरूंच्या सांगण्यावरून लिहिले. आत्मा ही बाग, लावणारा परमेश्वर, आणि माणूस नुसता माळी. बागेला पाणी द्यायचे चार मार्ग : विहिरीतून हाताने शेंदणे, रहाटाने काढणे, ओढ्याचे पाणी पाटाने आणणे, आणि पाऊस. हे रूपक मराठी वाचकाला उलगडून सांगावे लागत नाही. वसईच्या केळीच्या आणि पानवेलीच्या वाड्या रहाटाच्या पाण्यावर शिंपल्या जात. तिथल्या जुन्या पिढीतल्या कॅथलिक बागायतदाराला शेंदणे आणि रहाट यांतला फरक तेरेजापेक्षा अधिकच ठाऊक असणार.

शेंदणे म्हणजे सुरुवातीचे मनन. शुभवर्तमानातला उतारा वाचायचा, ख्रिस्ताच्या एखाद्या प्रसंगावर विचार करायचा, भरकटलेले मन परत आणायचे. कष्ट सगळे माळ्याचे. रहाटाने कष्ट कमी आणि पाणी जास्त. तेरेजा याला शांततेची प्रार्थना म्हणते, कारण इथे इच्छाशक्ती देवापाशी विसावते, मग कल्पना आणि स्मृती इकडेतिकडे फिरत राहिल्या तरी. पाटाच्या पाण्याला माळ्याने फक्त वाट करून द्यायची. आणि पाऊस? तो पाडणे माळ्याच्या हातातच नाही. मननापासून ईश्वरैक्यापर्यंतचा सगळा प्रवास असा चार पाण्यांत बसवला आहे. त्यातला वाचकाच्या सर्वाधिक कामाचा भाग मात्र पहिल्याच पाण्यात येतो.

बादली विहिरीत सोडली आणि कोरडीच वर आली, तर काय करायचे? तेरेजाचे उत्तर असे की, विहीर आटवायची की भरायची हे मालकाने ठरवावे. माळ्याने आपले काम करावे. पाणी नसतानाही फुले जगवणे मालकाला शक्य आहे. आज मन भरून आले की नाही, यावर प्रार्थनेची किंमत ठरवायची सवय ती इथे मोडून काढते. तिने स्थापलेल्या मठांत रोज मनन-प्रार्थनेचे दोन तास ठेवले गेले, एक सकाळी, एक संध्याकाळी. वेळ मनःस्थितीवर सोडली नाही, हे तिच्या व्यवहारी स्वभावाला धरूनच झाले.

तिच्याच परंपरेतली लिझ्यूची तेरेजा प्रार्थनेत चक्क झोपी जायची. त्याचे तिला फारसे वाईटही वाटले नाही : लेकरू जागे असो की झोपलेले, आईबापांना सारखेच प्रिय असते, असा तिचा युक्तिवाद. याच संताचे नाव घेतलेल्या मदर तेरेजा यांची पत्रे २००७ साली पुस्तकरूपाने आली, तेव्हा त्यांनी सोसलेला अनेक दशकांचा आतला कोरडेपणा जगाला कळला. पवित्र साक्रामेंतापुढचा रोजचा तास मात्र त्यांनी सोडला नव्हता.

भरकटणाऱ्या मनाचे काय करावे, याबद्दल १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात नेमके मार्गदर्शन आहे. विचारांच्या मागे धावून त्यांना हुसकावत बसलो की आपण त्यांच्याच जाळ्यात सापडतो. मन देवाकडे परत वळवले की पुरे. शिवाय मन कुठे पळते यावरून ते कशाला चिकटले आहे, तेही कळते. दुकानाचा हिशेब, मुलाची परीक्षा, जावेशी झालेले बोलणे : ज्याने एकाग्रता मोडली, तोच विषय देवापुढे ठेवता येतो.

मननच जमत नाही, फक्त पाठ प्रार्थना येतात, असे म्हणणाऱ्यांसाठी आविलाच्या तेरेजाने ‘परिपूर्णतेचा मार्ग’ या ग्रंथात एका वृद्ध धर्मभगिनीची हकिगत सांगितली आहे. ती हताश होऊन तेरेजाकडे आली. आपल्याला तोंडी प्रार्थनेपलीकडे काही येत नाही, हे तिचे दुःख. तेरेजाने खोलात शिरून विचारपूस केली, तेव्हा आढळले की ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ म्हणता म्हणताच ही बाई थेट ईश्वरदर्शनाच्या प्रार्थनेपर्यंत पोहोचली होती. तेरेजाने देवाचे आभार मानले, आणि त्या धर्मभगिनीच्या तोंडी प्रार्थनेचा आपल्याला हेवा वाटला, असेही लिहून टाकले. तिचा सल्लाही याच धाटणीचा आहे : पुष्कळ प्रार्थना घाईने उरकण्यापेक्षा प्रभूच्या प्रार्थनेतले एखादेच वाक्य सावकाश म्हणावे, कोणाशी बोलतो आहोत याचे भान ठेवून. संध्याकाळच्या रोझरीत पन्नास ‘नमो मरिया’ झपाट्याने संपवणाऱ्या घरांत एखाद्या दिवशी एकच दशक असे म्हणून पाहता येईल.

(पुढील लेखांकात : लोणावळ्याचे येशूसंघीय फादर अँथनी डिमेलो आणि श्वासाची प्रार्थना)