धागा, गाठ आणि शिल्प: आधुनिक कलेतील स्त्रिया व वस्त्रमाध्यम

तैलरंगातील चित्राला 'कला' आणि विणलेल्या वस्त्राला 'हस्तकला' का म्हटले जाते? या घटकात आपण हा भेद तीन स्त्री कलाकारांच्या कामातून समजून घेऊ.

१. बाउहाउस: समतेची घोषणा आणि व्यवहार

१९१९ मध्ये जर्मनीतील वायमार येथे बाउहाउस ही कलाशाळा सुरू झाली. कलाकार आणि कारागीर यांच्यात मूलभूत फरक नाही, अशी तिची भूमिका होती. प्रत्यक्षात बहुतेक विद्यार्थिनींना विणकाम विभागाकडे वळवले गेले. १९२२ मध्ये तेथे आलेल्या आनी आल्बर्स यांना काचकामाची ओढ होती. वाट्याला माग आला. त्यांनी उभ्या-आडव्या धाग्यांच्या रचनेलाच अमूर्त कलेची भाषा बनवले. १९४९ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये त्यांच्या कामाचे एकल प्रदर्शन भरले.

लक्षात घ्या, विणकाम हे 'स्वभावतः' स्त्रियांचे काम नाही. भारतातील अनेक विणकर समाजांत मागावर पुरुष बसतो, तर सूत भरणे, ताणा तयार करणे ही कामे स्त्रिया करतात. म्हणजे श्रमविभागणी समाज ठरवतो, धागा नव्हे.

२. मृणालिनी मुखर्जी (१९४९–२०१५)

मुंबईत जन्मलेल्या मृणालिनी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकल्या. त्यांचे गुरू के. जी. सुब्रमण्यन यांनी हातमाग मंडळात काम केले होते आणि लोककारागिरीला ते आधुनिक कलेचा जिवंत स्रोत मानत. मृणालिनींनी हेम्प हा तागासारखा जाड धागा निवडला. माग नाही, आधी काढलेले रेखाटन नाही. केवळ हाताने गाठीवर गाठ मारत त्या माणसाएवढ्या किंवा त्याहून मोठ्या आकृती घडवत. 'यक्षी' (१९८४) आणि 'वनश्री' (१९९४) या शिल्पांत देवता, वनस्पती आणि देह एकमेकांत मिसळतात. येथे गाठ ही सजावट नसून शिल्पाची बांधणीच आहे. म्हणून या कामाला फक्त 'हस्तकला' म्हणणे अपुरे ठरते.

३. मोनिका कोरिया

मुंबईच्या मोनिका कोरिया यांनी मागाच्या नियमालाच हात घातला. ताण्याचे धागे समान अंतरावर ठेवणारी फणी त्या विणताना मध्येच काढून टाकतात. धागे मोकळे होतात आणि सरळ रेषांऐवजी प्रवाहासारखी वळणे उमटतात.

समारोप

वस्त्रमाध्यमातील कलाकृती पाहताना स्वतःला तीन प्रश्न विचारा: येथे तंत्र कोणता अर्थ निर्माण करते? हे काम कोणत्या परंपरेशी बोलते? आणि त्यामागच्या हातांचे नाव नोंदले गेले आहे का? तिसरा प्रश्न महत्त्वाचा आहे. संग्रहालयांत कितीतरी भरतकामांखाली केवळ प्रदेश आणि शतक लिहिलेले असते, करणारीचे नाव नसते.

स्वाध्याय: तुमच्या घरातील एखादी गोधडी, कांथा किंवा फुलकारी निवडा. ती कोणी, कशापासून आणि कोणासाठी केली, याची दहा ओळींत नोंद करा.