स्मरणतंत्रे, शालेय अध्ययनातील

स्मरणतंत्रे, शालेय अध्ययनातील : पाठ्यविषय लक्षात ठेवणे व हवा तेव्हा आठवणे सुकर व्हावे, म्हणून योजण्यात येणाऱ्या युक्त्या. लय, यमक, आद्याक्षरे, ओळखीची स्थळे, हाताची बोटे इत्यादींचा त्यांत आधार घेतला जातो. नुसती घोकंपट्टी म्हणजे स्मरणतंत्र नव्हे. घोकंपट्टीत तीच माहिती पुनःपुन्हा उच्चारली जाते. स्मरणतंत्रात नवी माहिती मनात आधीच पक्क्या असलेल्या एखाद्या गोष्टीला जोडली जाते. म्हणून तंत्राचे यश ते किती चतुर आहे यापेक्षा, त्याचा आधार विद्यार्थ्याच्या किती परिचयाचा आहे यावर अवलंबून असते. घरची भाषा एक व शाळेची दुसरी अशी स्थिती असलेल्या खानदेशासारख्या प्रदेशात ही बाब विशेष महत्त्वाची ठरते.

भारतात वेदपठनासाठी पद, क्रम, जटा, घन इ. पाठपद्धती निर्माण झाल्या. त्यांत शब्द उलटसुलट क्रमाने म्हटले जात असल्याने चूक तत्काळ ध्यानात येते. ग्रीक व रोमन वक्ते भाषणातील मुद्दे एखाद्या परिचित वास्तूच्या दालनांत क्रमाने मांडल्याची कल्पना करीत. या स्थानपद्धतीचे श्रेय सिमॉनिडीझ या ग्रीक कवीस देण्याची प्रथा आहे.

मराठी शाळांतील सर्वांत जुने व व्यापक स्मरणतंत्र म्हणजे पाढे. पंतोजींच्या शाळेत आणि घरोघरी सायंकाळच्या परवचात ते तालावर म्हटले जात. पाढ्यांतील ‘त्रिक’, ‘चोक’, ‘पंचे’ हे शब्द नेहमीच्या संख्यावाचक शब्दांहून वेगळे आहेत. ते म्हणण्यास सुटसुटीत असून ओळीचा ठेका सांभाळतात. पूर्णांकांच्या पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी व औटकी हे अपूर्णांकांचे पाढेही पाठ करून घेतले जात. औट म्हणजे साडेतीन. त्यामुळे सातची औटकी साडेचोवीस. सोळा आण्यांचा रुपया होता, तोवर या पाढ्यांचा बाजारात रोज उपयोग होई. अडीच आणे शेर दराने सहा शेर धान्य घेणाऱ्याला पंधरा आणे हा हिशेब कागदाविना करता येई. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणेपद्धती सुरू झाली, पुढे मेट्रिक वजने-मापे आली आणि औटकी मागे पडली. ती विसरली जाण्यास शिक्षणपद्धतीतील बदलापेक्षा रोज आठवण्याचा प्रसंग न उरणे हेच अधिक कारणीभूत झाले असावे.

पाढ्यांचा एक दोष शिक्षकांच्या परिचयाचा आहे. ‘सात आठे किती?’ असे विचारल्यास विद्यार्थी ‘सात एके सात’पासून आरंभ करतो. साखळीतील प्रत्येक कडी मागच्या कडीवरच अवलंबून असल्याने मधला दुवा स्वतंत्रपणे हाती येत नाही. क्रम मोडून प्रश्न विचारणे हा त्यावरील जुना आणि अजूनही उत्तम उपाय होय.

आद्याक्षरांची तंत्रे मराठीत विशेष सहजपणे तयार होतात. देवनागरीतील अक्षरात स्वर अंतर्भूत असतो; त्यामुळे अक्षरे नुसती जोडली, तरी उच्चारण्याजोगा शब्द बनतो. इंद्रधनुष्यातील रंगांचा ‘तानापिहिनिपाजा’ आणि पदावलीतील क्रियांचा ‘कंचेभागुबेव’ हे शब्द पिढ्यान्‌पिढ्यांच्या तोंडी आहेत. मात्र अक्षर लक्षात राहिले म्हणजे अर्थ लक्षात राहतोच, असे नाही. ‘पा’ म्हणजे पारवा हे सांगणाऱ्या पुष्कळ मुलांना पारवा रंग दाखविता येत नाही. ‘कंचेभागुबेव’ने तर प्रत्यक्ष चूकही होऊ शकते. १० – ४ + ३ या उदाहरणात बेरीज आधी केल्यास उत्तर ३ येते. बरोबर उत्तर ९ आहे. बेरीज व वजाबाकी या समान दर्जाच्या क्रिया डावीकडून उजवीकडे करावयाच्या असतात, हा नियम त्या शब्दात मावत नाही. तो वेगळा शिकवावाच लागतो. मुठीच्या उंचवट्यांवर व खळग्यांवर महिन्यांचे दिवस मोजण्याच्या युक्तीत असा धोका नाही, कारण तीत जुलै व ऑगस्ट हे दोन्ही ३१ दिवसांचे महिने उंचवट्यांवर आपोआप येतात.

स्थानपद्धतीसाठी प्राचीन वास्तूची गरज नसते. धुळे शहराच्या जुन्या भागातील गल्ल्या क्रमांकांनी ओळखल्या जातात. खानदेशच्या इतिहासातील प्रमुख सत्तांचा क्रम तेथील विद्यार्थ्याला या गल्ल्यांवर बसविता येईल : पहिल्या गल्लीत यादव, दुसरीत फारुकी, तिसरीत मोगल, चौथीत मराठे, पाचवीत इंग्रज. दुसऱ्या गल्लीच्या तोंडाशी असीरगडाचा दरवाजा कल्पिला, तर तो किल्ला १६०१ मध्ये मोगलांच्या हाती जाऊन फारुकींची सत्ता संपली, हेही त्याच चित्रात सामावते. गल्लीला क्रमांक असल्यामुळे तिसरी सत्ता कोणती, हे पहिलीपासून न मोजता सांगता येते. पाढ्यांतील दोष येथे टळतो. परंतु गल्ल्या एकसारख्या भासत असतील, तर चित्रे एकमेकांत मिसळतात. म्हणून प्रत्येक गल्लीतील एखादे दुकान, देऊळ किंवा वळण निश्चित करावे लागते आणि ते विद्यार्थ्यानेच निवडावे. अमळनेर वा दोंडाईचा येथील मुलाला भुसावळ–सुरत लोहमार्गावरील स्थानकांचा क्रम अधिक जवळचा वाटेल.

या तंत्रांची मर्यादा प्रायोगिक मानसशास्त्राने दाखवून दिली आहे. हेरमान एबिंगहाउस (१८५०–१९०९) या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवर केलेले प्रयोग १८८५ मध्ये प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरसमूह पाठ केल्यावर विस्मरण प्रथम वेगाने व नंतर मंदगतीने होते, असे त्याला आढळले. रोडिगर व कार्पिक यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एक उतारा पुन्हा वाचणाऱ्या आणि तो न पाहता आठवून लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांची तुलना केली. पाच मिनिटांनंतर वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र त्यांना सुमारे ४२ टक्के, तर आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के मजकूर सांगता आला. परीक्षेच्या आदल्या रात्री पुन्हा वाचलेला धडा येतोसा वाटतो व पुढे टिकत नाही, याचे कारण यातून कळते. २०१३ मध्ये डन्लॉस्की व सहकाऱ्यांनी अध्ययनाच्या दहा पद्धतींचा आढावा घेतला. त्यात स्वतःची चाचणी घेणे व अभ्यास कालांतराने विभागणे यांना वरचे स्थान मिळाले, तर कळशब्दासारख्या स्मरणतंत्राला खालचे. तेव्हा गल्लीतील चित्रेही दुसऱ्या दिवशी, आठवड्याने व महिन्याने पुस्तक मिटून आठवून पाहावी लागतात. नावे, क्रम, सनावळी व सूत्रे यांपलीकडे, म्हणजे भूमितीतील सिद्धता किंवा एखाद्या घटनेची कारणमीमांसा समजण्यास, ही तंत्रे फारशी उपयोगी पडत नाहीत.

धुळे जिल्ह्यात अनेक घरांत अहिराणी बोलली जाते. शिरपूर तालुक्यात पावरी, तर साक्री तालुक्यात भिल्ली व कोकणी बोलणारी कुटुंबे आहेत. प्रमाण मराठीतील शब्दांवर बेतलेली आद्याक्षरे वा यमके अशा मुलांना आधार देत नाहीत. मूळ माहितीबरोबर ती आणखी एक पाठ करावयाची वस्तू होऊन बसतात. ‘पारवा’ हा शब्दच घरात नसेल, तर ‘पा’ने काही आठवत नाही. घरच्या बोलीतील शब्दांवर मुलांनी स्वतः रचलेली वाक्ये अधिक टिकतात. ती प्रमाण भाषेत नाहीत म्हणून खोडून टाकणारा शिक्षक मुलाच्या हातचा आधारच काढून घेतो. बोलीतील लयबद्ध रचना लिपीच्या साहाय्याविना किती काळ जतन होऊ शकते, याचे उदाहरण खानदेशातच आहे. जळगावजवळच्या आसोदे येथील बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहितावाचता येत नव्हते. शेतातली व घरातली कामे करताना त्या आपल्या बोलीत गाणी रचीत व म्हणत. त्यांचे पुत्र सोपानदेव व आप्त पितांबर चौधरी यांनी त्यांतील काही ऐकून उतरवून घेतली आणि बहिणाबाईंच्या निधनानंतर १९५२ मध्ये ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली.