कॅमेऱ्याचा करडा न्याय

दिवाळीच्या चार दिवसांत आपल्या शहरात जेवढे फोटो निघतात तेवढे उरलेल्या वर्षात निघत नसावेत, असे मला नेहमी वाटते. नव्या कपड्यांतली मुले, दारातली रांगोळी, पाडव्याचे औक्षण, भाऊबीजेला जमलेली भावंडे. काही म्हणता काही सुटत नाही. मग एखाद्या रात्री फराळाचे डबे बाजूला सारून घरातली मंडळी ते फोटो पाहायला बसतात आणि एक वाक्य हमखास कानांवर येते, "अगंबाई, सगळे काळोखातच आलेत की!" कंदील लख्ख, पणत्या लख्ख, आणि त्यांच्यामागची माणसे मात्र काजळी धरल्यासारखी. फोटोग्राफरांच्या बोलीत याला 'फोटो अंडर आला' असे म्हणतात. घरात त्याचे खापर ज्याच्या हाती कॅमेरा होता त्याच्या डोक्यावर फुटते.

मी पेशाने मराठीचा प्राध्यापक. कॅमेऱ्याशी माझे नाते केवळ हौसेचे. पण वीस वर्षांच्या हौसेत एवढे नक्की कळले आहे की, या प्रकरणात माणसापेक्षा यंत्राचाच वाटा मोठा असतो. आणि गंमत अशी की, यंत्र बिघडलेले नसते. त्याला शिकवल्याप्रमाणे ते अगदी चोख वागत असते. दुखणे त्या शिकवणीत आहे.

आपण बटण दाबतो त्याच्या निमिषभर आधी कॅमेरा समोरचा उजेड मोजतो. त्यावरून भिंगाचे छिद्र केवढे ठेवायचे आणि पडदा किती वेळ उघडायचा हे ठरते. पण तो मोजतो तो वस्तूवर पडणारा उजेड नव्हे. वस्तूवरून परतून भिंगात शिरणारा उजेड. पांढरीशुभ्र भिंत आपल्यावर पडलेल्या उजेडातला ऐंशी-नव्वद टक्के उजेड परत पाठवते, काळे कापड जेमतेम तीन-चार टक्के. समोर भिंत आहे की कापड, हे यंत्राला कोण सांगणार? मग ते एक गोष्ट गृहीत धरून चालते. जगातले सारे पांढरे-काळे एकत्र कालवले तर मधलाच कुठलातरी करडा रंग होईल, ढोबळमानाने 18 टक्के उजेड परतवणारा, असे ते मानते. कोडॅक कंपनी नेमक्या याच रंगाचे पुठ्ठे फोटोग्राफरांना विकत असे. समोर काहीही येवो, त्याची सरासरी त्या पुठ्ठ्याएवढी उतरली की यंत्राचे समाधान झाले.

आमच्या धंद्यातला दाखला द्यायचा तर, समजा एखाद्या परीक्षकाने ठरवले की वर्ग कोणताही असो, सरासरी पन्नासच आली पाहिजे. हुशार मुलांचा वर्ग समोर आला की तो सगळ्यांचे गुण कापणार, आणि ढ मुलांच्या वर्गाला खिरापत वाटणार. उघडे आकाश, समुद्र, पांढरी साडी, पेटलेले दिवे हा कॅमेऱ्यापुढचा हुशार वर्ग. त्याचे गुण कापले जातात आणि त्या कापाकापीत मागच्या बाकावरचा, मुळातच कमी गुण मिळवणारा बिचारा नापास होतो. बहुतेक वेळा तो म्हणजे माणसाचा चेहरा. याच्या उलट प्रकार पाहायचा असेल तर आमच्या रवींद्र नाट्य मंदिरात जा. मागे काळा पडदा आणि एकट्या नटावर प्रकाशझोत; तिथे हाच कॅमेरा एवढा उदार होतो की नटाचे तोंड पिठात बुडवून काढल्यासारखे दिसते.

पूर्वी हे मोजमाप माणूस डोळ्यांनी करीत असे. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला तो दादरच्या मेन रोडवर. आता त्या रस्त्याला त्यांचेच नाव आहे. 3 मे 1913 रोजी तो गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला. चित्रीकरण झाले सूर्याच्या उजेडात, कॅमेऱ्यावर त्र्यंबक तेलंग. विजेच्या घटाने उजेड मोजणारी हातातली यंत्रे बाजारात आली 1930 नंतर. म्हणजे या मंडळींना आकाशाकडे पाहायचे, अंगणातली सावली पाहायची आणि अनुभवाने ठरवायचे, एवढेच शक्य होते. त्यात त्या वेळच्या फिल्मला तांबडा रंग जवळजवळ दिसतच नसे, त्यामुळे आपल्याकडचे गव्हाळ आणि सावळे चेहरे होते त्याहून अधिक काळवंडून येत. मूकपटांतल्या नटांच्या तोंडाला एवढा सफेदा का फासलेला असे, याचे एक कारण हे.

पुढे कोडॅकने 1938 साली उजेड मोजून आपले आपण छिद्र ठरवणारा कॅमेरा काढला. 1983 साली निकॉनच्या एफए कॅमेऱ्याने समोरच्या चित्राचे पाच तुकडे करून प्रत्येकाचा उजेड वेगवेगळा मोजला. आजचे कॅमेरे हजारो तुकडे करतात, त्यांत चेहरा शोधून काढतात, त्याच्याभोवती चौकटसुद्धा आखतात. मग तरीही फोटो अंडर का येतो? कारण डिजिटल कॅमेऱ्याला एका गोष्टीचे फार भय असते. चित्राचा जो भाग उजेडाने जळून पांढराफटक झाला तिथे काहीच उरत नाही. नंतर कितीही खटपट केली तरी त्या पांढऱ्यातून ढग परत येत नाही की साडीची वेलबुट्टी परत येत नाही. काळोखात गेलेल्या भागातून मात्र थोडेफार खणून काढता येते. फिल्मच्या निगेटिव्हचा स्वभाव नेमका उलटा होता. तिला उजेड जास्त झालेला चाले, कमी झालेला चालत नसे. म्हणून नव्या कॅमेऱ्यांचे निर्माते दोन पापांतले हलके पाप पत्करतात. आकाश सांभाळतात आणि माणूस अंधारात ढकलतात.

प्रभादेवीला राहणाऱ्यांच्या तर हे पाचवीलाच पुजलेले आहे. आमचा समुद्र पश्चिमेला. संध्याकाळी कीर्ती कॉलेजच्या बाजूने चौपाटीवर उतरावे, तर प्रत्येक कुटुंब समुद्राकडे पाठ करून उभे. पाठीमागे मावळता सूर्य, चकाकणारे पाणी आणि 2009 पासून तो वरळीचा सेतू. फोटोत सेतूची एकेक तार मोजून घ्यावी अशी येते आणि आजोबा कोणते नि काका कोणते हे टोपीवरून ओळखावे लागते. घरांचेही तेच. पश्चिमेची खिडकी म्हणजे वारा, म्हणून घरातला कार्यक्रम तिच्यापुढेच मांडायचा, ही आमची जुनी रीत.

माझ्या मावशीचे सहस्रचंद्रदर्शन असेच तिच्या प्रभादेवीच्या घरी झाले. तिसरा मजला, पश्चिमेची गॅलरी, दुपारी चारचा सुमार. मोतिया रंगाची साडी नेसून मावशी पाटावर बसली होती. लेकी-सुना-नाती दिव्यांची ताटे घेऊन एकेक पुढे येत होत्या. मावशीचा नातू नुकताच नोकरीला लागलेला. पहिल्या पगारातून त्याने कॅमेरा घेतला होता आणि आजीचे फोटो मीच काढणार असे बजावून ठेवले होते. तीनशेच्या वर फोटो त्याने काढले. रात्री त्याचा फोन आला, "मामा, आजी दिसतच नाहीये."

खरेच दिसत नव्हती. पाठीमागे गॅलरीतले आकाश, पुढे दिव्यांच्या ज्योती, अंगावर फिकी साडी. कॅमेऱ्याने तिन्हींचा मान राखला होता. मावशी होती सावळी. मराठीत गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा, काळासावळा अशा किती छटा आहेत! आपला पंढरीचा देवही सावळाच. या यंत्राला मात्र एकच रंग ठाऊक, करडा. आणि सावळा चेहरा त्या करड्याच्याही खालीच बसतो. आकाशाने ओढून नेलेली सरासरी त्याच्या वाट्याला दोन पायऱ्या कमी देऊन गेली होती. उजेडाच्या हिशेबात एक पायरी म्हणजे निम्मे, दोन पायऱ्या म्हणजे चौथाई.

आता हा चौथाई उजेड संगणकावर चौपट करता येतो, असे कोणीही म्हणेल. येतो, पण त्याला मोल पडते. कॅमेरा फोटो दोन प्रकारे साठवू शकतो. जेपेग हा शिजवून वाढलेला भात; त्यात काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत प्रत्येक रंगाच्या 256 पायऱ्या. रॉ म्हणजे कोरडे तांदूळ; चौदा बिटांच्या कॅमेऱ्यात त्याच पायऱ्या 16,384 असतात. जेपेगमधला काळोख वर ओढला की गालांवर ठिगळे पडतात, कारण मधल्या छटा साठवल्याच गेलेल्या नसतात. रॉमध्ये छटा शिल्लक असतात, पण खरखर वर येते. उजेड चौथाई झाला की त्या मानाने खरखर दुप्पट दिसते. हा निसर्गाचाच नियम असल्यामुळे कितीही महाग कॅमेरा घेतला तरी तो चुकत नाही.

दैव असे की, नातवाच्या कॅमेऱ्यात सुरुवातीचे चाळीसेक फोटो दोन्ही प्रकारांत साठवले गेले होते. पुढे कार्डावरची जागा पुरेना म्हणून त्याने रॉ बंद केले. त्या चाळिसांवर आम्ही दोघे तीन रविवार बसलो. सबंध चित्र उजळवले तर आकाश फुटे, म्हणून फक्त मावशीचा चेहरा आणि हात तेवढे हळूहळू वर आणले. सोळा-सतरा फोटो बरे निघाले. खरखर कमी करायला गेलो तर सुरकुत्याही पुसल्या जात आणि मावशी मेणाची दिसू लागे; तेव्हा ती तशीच ठेवली. ज्यांत रंगीत ठिपके फारच होते ते कृष्णधवल करून टाकले, की ठिपके जुन्या फिल्मच्या कणांसारखे दिसून डोळ्यांना खुपत नाहीत. उरलेल्या अडीचशेहून अधिक फोटोंत ओवाळणाऱ्या साऱ्याजणी आहेत, ताटे आहेत, मावशीच्या बांगड्या आहेत. तिचा चेहरा नाही. पुढच्या पावसाळ्यात मावशी गेली. दर्शनी भिंतीवर लावायला फोटो हवा झाला तेव्हा त्या सोळा-सतरांतलाच एक काढला. पाटावरून धाकट्या सुनेकडे वर पाहताना ती हसते आहे तो.

तेव्हा काढतानाच दोन गोष्टी केल्या तर पुढचे तीन रविवार वाचतात. प्रत्येक कॅमेऱ्यावर अधिक-उणे अशी खूण असलेले एक बटण किंवा चकती असते. चौकटीत पांढरे, चकाकते, उजळ फार असेल तर ती अधिकाकडे फिरवायची. एक पायरी, फार तर दीड. अनेकांना हे उफराटे वाटते. आधीच एवढा उजेड, त्यात आणखी कशाला? पण परीक्षकाने कापलेले गुण आपण परत देत आहोत, हे लक्षात ठेवले की घोटाळा होत नाही. काळ्या पडद्यापुढे तीच चकती उण्याकडे. मोबाइलवर काढत असाल तर पडद्यावर चेहऱ्यावर बोट टेकवा. बऱ्याच फोनांत शेजारी छोटासा सूर्य उमटतो, तो वर सरकवा.

दुसरी युक्ती तळहाताची. सकाळी उठल्यावर आधी तळहात पाहावा असे आपल्याकडे सांगतात. फोटोग्राफरानेही तो पाहावा. माणूस गोरा असो की सावळा, तळहाताच्या रंगात फारसा फरक नसतो आणि तो कॅमेऱ्याच्या करड्यापेक्षा साधारण एक पायरी उजळ असतो. ज्याचा फोटो काढायचा त्याच्यावर पडणाऱ्या उजेडातच आपला तळहात धरावा, चौकट त्याने भरून उजेड मोजून घ्यावा, त्यात एक पायरी अधिक करावी आणि तेच माप कायम ठेवून फोटो काढत राहावे. मागे आकाश येवो की भिंत, चेहरा हलत नाही.

आणि कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या छोट्या पडद्यावर विश्वास ठेवू नये. रात्रीच्या अंधारात तो स्वतःच दिव्यासारखा उजळतो, आणि अंडर फोटोही झकास दिसतो. सकाळी संगणकावर घातल्यावर कळते. त्यापेक्षा हिस्टोग्राम नावाचा तो डोंगरासारखा आलेख पाहावा. सारा डोंगर डाव्या भिंतीला टेकला असेल तर चकती फिरवून लगेच दुसरा काढावा.

कंदिलाचा फोटो तर रात्री काढूच नये. आकाश मिट्ट काळे झाल्यावर कंदील एकतर जळतो नाहीतर मागची माणसे बुडतात. मुंबईत या दिवसांत सूर्य सहाच्या आसपास मावळतो आणि त्यानंतर वीस-एक मिनिटे आकाशात निळा उजेड रेंगाळतो. तेवढ्या वेळात कंदिलाचा उजेड आणि आकाशाचा उजेड जवळजवळ एका मापाचे असतात आणि गॅलरीत उभ्या राहिलेल्या माणसांचे चेहरेही दिसतात. कॅमेरा कठड्यावर टेकवावा, मुलांना कंदिलाच्या अगदी जवळ उभे करावे, म्हणजे त्यांच्या गालांवर त्याचाच रंग पडेल, आणि आजीला खुर्ची आणून द्यावी. फराळाला अर्धा तास उशीर झाला तरी चालेल.