पिशवीतला गारवा

कबड्डी खेळताना मुलाचा घोटा मुरगळला आणि गावात बर्फ नाही, काय कराल? रसायनशास्त्राचा धडा इथूनच सुरू करावा, असे मला वाटते. शेतकऱ्याच्या घरी युरिया असतोच. त्याचा एक मोल, म्हणजे 60 ग्रॅम, पाण्यात विरघळताना सुमारे 15 किलोज्यूल उष्णता शोषतो. ‘मग पाणी किती घ्यायचे, सर?’ हे मुलेच विचारतात! जास्त घेतले तर गारवा विभागला जातो. फार कमी घेतले तर युरिया तळाशी तसाच. मोलच्या गणिताला कंटाळणारी पोरे इथे तराजू सोडीत नाहीत. आमची पहिली पिशवी फुटली, हेही सांगून टाकतो. पाण्याची आतली पिशवी बुक्कीने फुटावी, बाहेरची मात्र शाबूत राहावी, एवढे जमवायला तीन तास गेले.