पडलेला फणस सरपणाला देण्याआधी

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि परसातले जुने आंबे-फणस एका दिवसात आडवे झाले. घरावरची कौलं उडालेली, वाट मोकळी करायची घाई. पाणंदीत ट्रक शिरत नाही, मग ओंडका गिरणीवर नेणार कसा? म्हणून चांगलं लाकूड सरपणाच्या भावाने गेलं. पण ओंडका जात नसेल तर करवत त्याच्यापाशी आणता येते.

गिऱ्हाईक येण्याआधी ओंडका आपणच मोजायचा. शिवणाची टेप मध्यावर गुंडाळा. घेर ८० इंच आला, तर त्याचा चौथा भाग २०. वीस गुणिले वीस चारशे, भागिले १४४, गुणिले लांबीचे फूट. १० फुटांचा ओंडका पावणेअठ्ठावीस घनफूट भरतो. ही व्यापारातलीच रीत आहे. खरं लाकूड ३५ घनफुटांच्या आसपास असतं; साल आणि तूट या हिशेबात आधीच सुटलेली असते. कोणी वर पुन्हा तूट कापू लागला तर कबूल होऊ नका.

आंबा आणि फणस दोन्ही १९६४ च्या झाडे तोडण्याबाबतच्या कायद्याच्या यादीत आहेत. झाड आपोआप पडलं असलं तरी फोटो काढा, पंचनामा करून घ्या आणि कापण्याआधी, फळ्या हलवण्याआधी वनखात्याच्या कार्यालयात विचारा. यंत्र लावायला परवाना लागतो का, तेही तिथेच विचारा.

चेनसॉ मिल म्हणजे झाड कापायचं कटरच, पात्याला लोखंडी चौकट बसवलेलं. पहिल्या कापाला ओंडक्यावर सरळ शिडी पक्की करतात आणि तिच्यावरून चौकट सरकवतात. पुढचे काप आधीच्या सपाट बाजूवरून होतात. साखळी उभं चिरायचीच हवी, नाहीतर यंत्र तापतं आणि काम पुढे सरकत नाही. कापलेल्या फटीत पाचरी ठोकत जायचं, म्हणजे पातं अडकत नाही. साखळीच्या रेषेत कोणी उभं राहू नये. मुलांना तर अंगणाबाहेरच ठेवा.

एक गोष्ट कारागिराला ठाऊक नसते, आपल्याला असते. कपडे वाळत घालायच्या तारेसाठी खोडात खिळे कुठे ठोकले होते? सासूबाईंना विचारा. झाड वाढतं तसा खिळा आत गडप होतो, आणि तो लागला की साखळीचे दात गेले.

हे यंत्र प्रत्येक कापाला तीनेक सूत लाकूड भुशात घालवतं. इंचाचे आठ सूत, म्हणजे इंची फळ्या काढल्या तर पाव भागाहून जास्त लाकूड भुसा. म्हणून फळ्या दोन इंची काढा.

टोकांना लगेच रंग फासा, चिरा कमी पडतात. पडवीत, जमिनीपासून वीतभर उंच, दोन फळ्यांमध्ये इंचभर सुक्या पट्ट्या घालून रचा. पट्ट्या एकाखाली एक याव्यात. जुना अंदाज इंचाला एक वर्ष असा आहे. आंब्याला कीड फार लवकर लागते, त्याला चिरल्याबरोबर बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं पाणी द्यावं लागतं. फणसाला तेवढं भय नाही. त्याची फळी आज पिवळीधमक दिसते, पुढे तपकिरी होते. रंग उतरला म्हणून कोणी भाव पाडू लागला, तर ती खराबी नव्हे, फणस तसाच असतो, हे त्याला सांगा.