सावलीतील तालमूली

वर्षा ऋतूच्या पहिल्या सरी कोसळल्या की सह्याद्रीच्या रानात, कुजत्या पाचोळ्यातून, अगदी जमिनीलगत सहा पाकळ्यांची पिवळी चांदणी उमलते. हीच काळी मुसळी, आपल्या निघंटूंतील तालमूली. शास्त्रीय नाव कुर्कुलिगो ऑर्किऑइडिस. भावप्रकाशाने तिला वृष्य, बृंहण व रसायन म्हटले आहे. अर्श व वातविकारांतही ती सांगितली आहे. तिच्या गुणांविषयी वैद्यवर्गास नव्याने सांगणे नलगे.

चिंतेची बाब निराळी आहे. पाने वा फळे खुडली तरी झाड जगते. तालमूलीचे औषध मात्र तिच्या कंदात, आणि हा कंद सरळ खाली उतरणारा, बहुधा एकुलता एक. तो काढणे म्हणजे रोप समूळ उपटणे होय. रानात ती ओळखू येते मुख्यतः फुलावरून, त्यामुळे बी धरण्यापूर्वीच खणली जाण्याचे भय अधिक. सफेद मुसळी ही वेगळी वनस्पती. तिचे शास्त्रीय नाव बोरिवलीच्या रानावरून पडले आहे. तिच्या लागवडीची लाट २००० नंतरच्या काही वर्षांत येऊन गेली. काळीच्या वाट्याला ते भाग्य (की दुर्भाग्य!) आले नाही. तिचा भार अजूनही बव्हंशी रानावरच आहे.

म्हणूनच वैद्यबंधू-भगिनींनी आपल्या परसात तिला जागा द्यावी, असे आम्हांस वाटते. ज्या आंब्याफणसाखाली इतर काही येत नाही, तीच जागा हिला मानवते. उन्हाचे कवडसे पडावेत, पण माध्यान्हीचे ऊन थेट लागू नये. माती भुसभुशीत, पानांच्या खताने भरलेली असावी व पाणी मुळीच साचू नये. भारी काळ्या जमिनीत वीतभर उंच वाफा करावा, अन्यथा कंद कुजतो.

बियांची उगवण संथ व बेभरवशाची असते. त्यापेक्षा कंदाचे दीड ते दोन सेंटिमीटरचे तुकडे करून मृगाच्या पावसावर, सुमारे दहा सेंटिमीटर अंतराने लावावेत. ताडाच्या कोवळ्या रोपासारखी चुणीदार पाने वर आली की ओळख पटते. या पानांची एक गंमत आहे: टोक ओल्या मातीस टेकले की तेथे मुळे फुटून नवे रोप धरते. आम्ही तर टोकावर लहानसा खडा ठेवण्याचा सल्ला देऊ. कंदाला धक्का न लावता रोपे वाढविण्याची याहून सोपी रीत नाही.

आरंभीचा कंद मात्र रानातून खणून आणू नये. लागवड असलेल्या वैद्यमित्राकडून वा रोपवाटिकेतून घ्यावा, आणि तेथेही तो कोठून आला हे निःसंकोच विचारावे.

सात-आठ महिन्यांनी पाने पिवळी पडू लागली की कंद काढता येतो. डोळ्याकडील वरचा भाग पुन्हा मातीत लावावा. उरलेला धुऊन, उपमुळे काढून, चकत्या करून सावलीत वाळवावा. बाहेरून काळपट तपकिरी, आतून पांढुरका, चघळता बुळबुळीत व किंचित कडवट असा हा नमुना बाटलीत भरून दवाखान्यात ठेवावा, आणि बाजारातून येणारी पुढची मुसळी त्याशेजारी मांडून पाहावी.