‘जालना’ या नामाचे विशेषण

नामापासून विशेषण साधण्याची सोय प्रत्येक नामाला सारखीच लाभते असे नाही. इंग्रजीत ‘मून’ या नामाची गरज लॅटिनमधून आलेला ‘लूनर’ हा शब्द भागवितो. ‘डिस्ट्रिक्ट’ला मात्र रूढ विशेषण नाही. ते नाम तसेच दुसऱ्या नामाआधी ठेवून ‘डिस्ट्रिक्ट कोर्ट’ असे म्हणतात. मराठीतही ‘महसूल’पासून ‘महसुली’ आणि ‘शहर’पासून ‘शहरी’ होते. ‘जिल्हा न्यायालय’, ‘जिल्हा परिषद’ यांत मात्र ‘जिल्हा’ हे नामच विशेषणाचे काम करते. स्थलनामांत हा भेद अधिक स्पष्ट होतो. ‘जालना’ हे त्याचे चांगले उदाहरण होय.

कोल्हापुरी चप्पल, सोलापुरी चादर, नागपुरी संत्रे ही रूपे ‘ई’ प्रत्ययाने सिद्ध झाली आहेत. ‘पुणे’पासून ‘पुणेरी’ असे निराळे रूपही रूढ झाले. जालना येथील मोसंबी, बियाणे व पोलाद यांची ख्याती मोठी असूनही ‘जालनी मोसंबी’ असे कोणी म्हणत नाही. याचे एक कारण ध्वनिरूपात असावे. गाडा–गाडी, लोटा–लोटी या जोड्यांची सवय असलेल्या कानाला ‘जालनी’ हे ‘जालना’चे स्त्रीलिंगी वा लघुत्वदर्शक रूप वाटते. परंतु हा नियम नव्हे. ‘सातारा’पासून ‘सातारी’ आणि ‘मराठवाडा’पासून ‘मराठवाडी’ झालेच आहे. उलट, ‘परतूर’ अकारान्त असूनही ‘परतुरी’ रूढ नाही. ध्वनी अडचण निर्माण करतो. निर्णय रूढी देते.

याच गावात उर्दूने ही अडचण सहज ओलांडली आहे. लखनऊ–लखनवी, देहली–देहलवी यांप्रमाणे स्वरान्त नामापुढे ‘वी’ योजून ‘जालनवी’ हे रूप साधते. शम्स जालनवी यांच्यासारख्या कवींच्या नावांत ते आढळते. मराठीने ते आपलेसे केले नाही. ‘जालनेकर’ हे मराठी रूप प्रचारात आहे. पण ते माणसाचा निर्देश करते, वस्तूचा नव्हे.

मग मराठीत उणीव राहिली काय? ‘जालन्याचा व्यापारी’, ‘जालन्याची मोसंबी’, ‘जालन्याचे बियाणे’ ही रूपे पाहावीत. विशेष्याच्या लिंगवचनाप्रमाणे ती बदलतात; ‘काळ्या घोड्याला’ याप्रमाणेच ‘जालन्याच्या मोसंबीला’ असे सामान्यरूपही होते. शिवाय ‘चा’ केवळ नामालाच लागतो असे नाही; ‘कालचा’, ‘पुढचा’ यांत तो क्रियाविशेषणापासून विशेषण घडवितो. षष्ठीला कारकविभक्तींत न गणण्याचे कारणही हेच, की तिचा संबंध क्रियेशी नसून दुसऱ्या नामाशी असतो. विशेषणाचे कार्य येथे पूर्ण होते.

तथापि ‘ई’ आणि ‘चा’ यांचा अर्थ एक नाही. ‘कोल्हापूरची चप्पल’ कोल्हापुराहून आलेली असते. ‘कोल्हापुरी चप्पल’ हा एक प्रकार होय. म्हणूनच २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा त्यात महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांबरोबर कर्नाटकातील चार जिल्ह्यांचाही समावेश झाला. जालन्याशेजारच्या पैठणचे उदाहरण याहून पुढचे आहे. ‘पैठणी’ हे विशेषण आता नाम झाले असून येवल्याला विणलेले वस्त्रही पैठणीच ठरते. विशेषण रूढ झाले म्हणजे गावाचे नाव दूरवर जाते, पण गावाशी असलेला त्याचा बंध सैल होतो.

‘जालन्याची मोसंबी’ या प्रयोगात तो बंध टिकून आहे. २०१६ साली या फळाला भौगोलिक मानांकन मिळाले. नोंदीच्या इंग्रजी नावात ‘जालना’ हे नाम तसेच ‘स्वीट ऑरेंज’ या शब्दांआधी ठेवलेले आहे. बाजारातील मराठी माणूस तेथे ‘ची’ योजतो आणि फळ कोठले हे नेमके सांगतो.

भाषांतरकाराने व परिभाषाकाराने हे ध्यानात ठेवणे इष्ट आहे. इंग्रजीत विशेषण दिसले म्हणून मराठीत ‘ईय’ किंवा ‘इक’ लावून ‘जिल्हीय’सारखा शब्द घडविण्याचे कारण नाही. मूळ शब्द प्रकार दर्शवितो की केवळ संबंध, हे आधी पाहावे. संबंधच दर्शवावयाचा असेल, तर ‘चा’ त्यास पुरेसा आहे.